युनियन, इलिनॉय: एका छोट्या गावातून गेलेल्या दोन रेल्वेवाटा

किशवॉकीकाठ

हंटलीत राहायला आलो तेव्हापासून मनात असलेला विषय आज लिहायला घेतोय. आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर युनियन नावाचं गाव आहे. शिकागोच्या वायव्येला, मॅकहेन्री काउंटीत, मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध. सरकारदरबारीही ते 'व्हिलेज'च, आणि वस्ती सहाशेच्या आत. एवढ्याशा गावातून दोन रेल्वे गेल्या. एक वाफेची, जिच्या वाटेवरून आजही मालगाड्या जातात. दुसरी विजेची, जी १९०७ साली सुरू झाली आणि १९३० साली बंद पडली. या दुसरीचे रूळ उखडले, तारा उतरवल्या, पण जमिनीचा तो लांब चिंचोळा पट्टा राहिला, आणि आज त्याच पट्ट्यावरून पुन्हा विजेचे डबे धावतात.

आधी पहिलीबद्दल. गलीना अँड शिकागो युनियन रेलरोड ही शिकागोतून निघालेली पहिली रेल्वे. सनद मिळाली १८३६ साली, पण पुढच्याच वर्षीच्या मंदीत सगळं बारगळलं आणि दहा वर्षं काही हललं नाही. नंतर विल्यम ऑग्डेन यांनी ते पुन्हा हाती घेतलं. ते शिकागोचे पहिले महापौर. शहरातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना ही रेल्वे नको होती. शेतकरी धान्याच्या गाड्या घेऊन शिकागोत येतो, मुक्काम करतो, परत जाताना आमच्या दुकानातून सामान नेतो. तो रेल्वेने धान्य पाठवून घरीच बसला तर आमच्या धंद्याचं काय, असं त्यांचं म्हणणं. मग ऑग्डेन गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांना शेअर विकले, थोडी रक्कम आत्ता आणि बाकीची हप्त्यांनी. ज्याच्या चाकाला चिखलातून शिकागो गाठायला दिवसच्या दिवस लागत, त्याला रेल्वेचं मोल समजावून सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबर १८४८ मध्ये 'पायोनिअर' नावाचं जुनं, वापरलेलं इंजिन सरोवरातून जहाजाने आलं आणि शिकागोतली पहिली गाडी धावली. पाहुण्यांना घेऊन ती पश्चिमेला जेमतेम काही मैल गेली, आणि परत येताना वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याचा गहू चढवून आणला. मला ही गोष्ट फार आवडते. उद्घाटनाच्या दिवशीच रेल्वे आपल्या कामाला लागली. 'पायोनिअर' आजही शिकागोच्या इतिहास संग्रहालयात उभं आहे.

१८५० साली रूळ एल्जिनला पोचले आणि ऑगस्ट १८५२ मध्ये रॉकफर्डला. मधल्या काळात ते युनियन, मॅरेंगो, बेल्विडिअर असे पुढे सरकले. गलीना हे नावात असलेलं गाव मात्र या कंपनीला कधीच गाठता आलं नाही. १८६४ मध्ये ती शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये विलीन झाली, आणि १९९५ मध्ये नॉर्थ वेस्टर्न युनियन पॅसिफिकमध्ये. रूळ बदलले, पाट्या बदलल्या, वाट तीच आहे.

हा भाग तसा दुधाचा. एल्जिनला गेल बॉर्डन यांचा आटीव दुधाचा कारखाना होता, आणि एक काळ असा होता की एल्जिनच्या लोणी-बाजारात ठरलेल्या भावाकडे अख्ख्या देशाचं लक्ष असे. पहाटे दूध काढायचं, पत्र्याचे कॅन घोडागाडीत घालून स्टेशन गाठायचं, गाडीत चढवायचे आणि रिकामे कॅन परत न्यायचे, हा आसपासच्या गोठ्यांचा रोजचा क्रम. गाडी चुकली तर दूध घरी परत.

विजेच्या गाडीची गोष्ट मोठी आहे. ती पुढच्या प्रतिसादात लिहितो.

मावळतीची_गाडी

छान धागा. वाचतेय. एक प्रश्न: तुम्ही 'विजेची रेल्वे' म्हणताय ती म्हणजे ट्राम का? 'इंटरअर्बन' हा शब्द ऐकलाय, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. मराठीत काही शब्द आहे का?

किशवॉकीकाठ

ताई, ट्राम आणि रेल्वे या दोघींच्या मधली चीज. गावात शिरली की रस्त्याच्या मधून, दुकानांच्या दारावरून ट्रामसारखी चालायची. गाव संपलं की शेतांच्या कडेने स्वतःच्या रुळांवरून सुसाट सुटायची. बहुतेकदा एकच डबा, त्यातच मोटर, त्यातच मोटरमन आणि कंडक्टर, मागच्या बाजूला सामानाची खोली. डोक्यावर एक लांब दांडा, तो तारेला टेकलेला. 'इंटरअर्बन' हा शब्द इंडियाना राज्यातल्या अँडरसन गावच्या चार्ल्स हेन्री यांनी रूढ केला, असं मानतात. मराठीत मी मनातल्या मनात 'गावजोड गाडी' म्हणतो.

१८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये विजेच्या ट्राम भरवशाने चालवून दाखवल्या. शहरात चालते तर शहराबाहेर का नाही, असं सगळ्यांनाच वाटू लागलं, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मिडवेस्टमध्ये या गाड्यांचं जाळं पसरलं. ओहायो पहिल्या नंबरवर, त्याच्या मागे इंडियाना. इंडियानापोलिसला तर १९०४ साली नुसत्या इंटरअर्बनसाठी नऊ रुळांचं भव्य टर्मिनस बांधलं होतं.

आमच्या भागातली कंपनी म्हणजे एल्जिन अँड बेल्विडिअर इलेक्ट्रिक. १९०७ साली सुरू झाली, लांबी ३६ मैल. एल्जिनहून निघायची आणि गिल्बर्ट्स, हंटली, युनियन, मॅरेंगो, गार्डन प्रेअरी करत बेल्विडिअरला पोचायची. नकाशा काढून बघा, ही सगळी गावं आधीच नॉर्थ वेस्टर्नवर होती. म्हणजे नवी गाडी जुन्या गाडीच्या अगदी शेजारून गेली. मग लोक हिच्यात का बसले? वाफेची गाडी दिवसातून मोजक्या वेळा यायची आणि फक्त स्टेशनात थांबायची. इंटरअर्बन शेताच्या कोपऱ्यावर, जिथे मातीचा रस्ता रूळ ओलांडतो तिथे, हात केला की थांबायची. रात्री लोक काडी पेटवून किंवा कागद पेटवून धरत, म्हणजे अंधारात मोटरमनला दिसेल. एल्जिनच्या बाजारात जाऊन त्याच दुपारी परत येणं यामुळे जमू लागलं. हायस्कूलच्या गावाला रोज जाऊन-येऊन शिकणं जमू लागलं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला घोडे मोकळे व्हायची वाट न बघता घराबाहेर पडता येऊ लागलं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

एल्जिनला उतरून दुसऱ्या कंपनीची विजेची गाडी पकडली की थेट शिकागो. बेल्विडिअरला उतरलं की रॉकफर्डची गाडी, तिथून पुढे फ्रीपोर्ट. डबे बदलत का होईना, फ्रीपोर्टपासून शिकागोपर्यंत वाफेच्या इंजिनाचं तोंडही न बघता जाता यायचं, आणि ती वाट युनियनमधून जायची.

रोहित्र

मी रेल्वेच्या वीजपुरवठ्यात उभी नोकरी केली, मुंबईत. त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. किशवॉकीकाठ, तुम्ही युनियनबद्दल लिहिता आणि तिथल्या सबस्टेशनाचा उल्लेख नाही? आमच्या क्षेत्रात या खेड्याचं नाव त्यासाठी घेतलं जातं. १९१४ साली रेल्वेचं पहिलं स्वयंचलित सबस्टेशन युनियन, इलिनॉय इथे चालू झालं. यंत्रणा जनरल इलेक्ट्रिकची, आणि रेल्वे तुमचीच, एल्जिन अँड बेल्विडिअर.

जरा सोपं करून सांगतो. गाडीच्या मोटरला लागतो साधारण ६०० व्होल्टचा डीसी. एवढ्या कमी दाबाची वीज तारेतून लांब नेली तर वाटेतच तिचा दम जातो. आठ-दहा मैलांनंतर गाडी रांगायला लागते. म्हणून वीजघरातून उच्च दाबाचा एसी न्यायचा आणि मार्गावर थोड्याथोड्या अंतराने सबस्टेशन बांधून तिथे त्याचा डीसी करायचा. त्या काळी हे काम फिरत्या यंत्राने व्हायचं, रोटरी कन्व्हर्टर. भलं मोठं, घूं घूं करत अखंड फिरणारं. ते चालू करणं कौशल्याचं काम होतं. वेग जुळवा, ध्रुवता बरोबर आली का बघा, मगच स्विच मारा. त्यामुळे प्रत्येक सबस्टेशनात चोवीस तास माणूस.

आता हिशेब बघा. गाडी तासाने एक. तिच्या मागेपुढे दहा-पंधरा मिनिटं सोडली तर यंत्र नुसतं रिकामं फिरतंय, वीज खातंय, आणि माणूस पगार घेऊन डायलकडे बघत बसलाय. छोट्या लाइनचं कंबरडं यातच मोडायचं.

युनियनला केलं ते असं: गाडी जवळ येऊन वीज ओढायला लागली की तारेतला दाब पडतो. तो ठरावीक पातळीखाली काही वेळ राहिला की एक रिले, म्हणजे विजेनेच चालणारा स्विच, उचलतो, कन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, वेग घेतो, ध्रुवता तपासून स्वतःला तारेशी जोडतो. गाडी पुढे गेली, भार उतरला, की थोडा वेळ थांबून स्वतःच बंद. आत एकही माणूस नाही. शेतातली एक बंद विटांची खोली, आणि गाडी येतेय हे तिला कळतंय!

१९१४ साली, इलेक्ट्रॉनिक्स नावाची गोष्ट नसताना, नुसत्या रिले, काँटॅक्टर आणि मोटरने फिरणाऱ्या ड्रमवर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे मर्क्युरी आर्क रेक्टिफायर होते. अंधाऱ्या खोलीत काचेच्या घुमटातला तो निळाजांभळा उजेड अजून डोळ्यांसमोर आहे. पण त्याच्याजवळ माणूस असायचाच.

किशवॉकीकाठ

रोहित्रकाका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याकडून ते इतकं नीट आलं नसतं. यात एक भर घालतो. ही लाइन ज्यांची होती ते बायन अर्नोल्ड साधे भांडवलदार नव्हते, स्वतः वीज-अभियंता. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पाहुण्यांना फिरवणारी जी उन्नत विजेची रेल्वे होती तिचं काम त्यांनी केलं होतं. एसी लांबवर न्यायचा आणि सबस्टेशनात डीसी करायचा ही पद्धत रेल्वेत रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा. पुढे अमेरिकेतल्या वीज-अभियंत्यांच्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले, मोठमोठ्या शहरांनी त्यांचा सल्ला घेतला. एवढ्या मोठ्या माणसाची ही ३६ मैलांची घरची लाइन. नवं काही करून बघायचं तर ते इथेच होणार.

रोहित्र

बरोबर. दुसऱ्याच्या लाइनवर असा प्रयोग करू दिला नसता कुणी.

नेपरव्हिलकर

एल्जिनपासून शिकागोची जी दुसरी कंपनी म्हणताय, ती आमच्या बाजूची. १९०२ ला सुरू झाली आणि नंतर शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन या नावाने ओळखली जाऊ लागली. शहराबाहेर तिला वर तार नव्हती, रुळांशेजारी तिसरा रूळ होता, त्यातून वीज. त्यामुळे ती जबरदस्त वेगाने जायची आणि थेट शिकागोच्या 'एल' मार्गावरून, म्हणजे शहरातल्या उन्नत रेल्वेवरून, डाउनटाउनपर्यंत शिरायची.

तिचा शेवट ऐकला तेव्हा मी सुन्न झालो होतो. १९५३ मध्ये काँग्रेस एक्सप्रेसवेच्या बांधकामासाठी तिची डाउनटाउनची वाट तोडली. प्रवाशांना फॉरेस्ट पार्कला उतरून गाडी बदलावी लागायची. निम्मे प्रवासी तिथेच गळाले. मग ३ जुलै १९५७ ला दुपारी कोर्टाची परवानगी हातात पडली आणि कंपनीने त्या क्षणी गाड्या थांबवल्या. सकाळी तिने कामावर गेलेली हजारो माणसं संध्याकाळी फॉरेस्ट पार्कला आली, तर गाडीच नाही.

त्याच वाटेवर आता प्रेअरी पाथ आहे. १९६३ मध्ये मे थिलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहिलं की हा पट्टा बुलडोझर यायच्या आत वाचवा, त्याची पायवाट करा. रेल्वेच्या वाटेची पायवाट करायच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. मी व्हीटनपासून त्यावर दर रविवारी चालतो. झाडांच्या बोगद्यातून एकदम सरळ रेष. सायकलवाट अशी सरळ कुणी आखत नाही; पायाखाली रेल्वे होती हे त्यावरून कळतं.

स्पष्टच_सांगतो

या सगळ्या गाड्या जनरल मोटर्सने मारल्या. कंपन्या विकत घेतल्या, रूळ उखडले, बस आणल्या. कोर्टात सिद्धही झालंय. इतका सरळ इतिहास असताना 'बंद पडली' असं काय लिहिता?

किशवॉकीकाठ

तुमचा राग समजतो, आणि त्यातला एक भाग खरा आहे. नॅशनल सिटी लाइन्स ही कंपनी आणि तिच्यामागचे बस, टायर, तेल विकणारे उद्योग यांना १९४९ मध्ये शिकागोच्या कोर्टात दोषी ठरवलं गेलं. आरोप होता बस आणि इतर सामानाच्या विक्रीत मक्तेदारीचा कट केल्याचा. पण ती कंपनी उभी राहिली १९३६ मध्ये. युनियनची लाइन १९३० मध्येच संपली होती. तारखा जुळत नाहीत.

इथे जे झालं ते जास्त साधं आणि माझ्या मते जास्त दुःखद आहे. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली ८५० डॉलरला. १९२४-२५ पर्यंत तीच गाडी तीनशेच्याही खाली मिळायला लागली. चिखल होता तोवर तिचा उपयोग वर्षातून काहीच महिने. मग १९१८ मध्ये इलिनॉयच्या मतदारांनी रस्त्यांसाठी ६ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली, आणि १९२४ मध्ये आणखी १० कोटींच्या. काँक्रीटचे रस्ते झाले. आज यूएस २० म्हणतात तो रस्ता एल्जिन, मॅरेंगो, बेल्विडिअर हीच गावं जोडत जातो. म्हणजे त्याच वाटेवर आता तिसरा आला, आणि हा तिसरा लोकांच्या करातून बांधलेला. इंटरअर्बनला स्वतःचे रूळ, स्वतःच्या तारा, स्वतःचे पूल सांभाळायचे, वर त्यावर कर भरायचा. शेतकऱ्याने गोठ्याशेजारी मोटार उभी केली, दुधाचे कॅन ट्रकने जायला लागले, आणि डबे रिकामे धावू लागले. ज्यांनी काडी पेटवून गाडी थांबवली होती, त्यांनीच ती सोडली. त्यांना दोष देववत नाही. मीही हंटलीत राहून रोज मोटारच चालवतो.

स्पष्टच_सांगतो

१९३६ ची तारीख मला माहीत नव्हती. मान्य. पण रस्त्याला सरकारी पैसा आणि रेल्वेला कर, हा अन्यायच होता.

किशवॉकीकाठ

तो होताच. यात आपलं एकमत आहे.

मूर्तिजापूरकर

हे वाचताना माझ्यासमोर सारखी आमची शकुंतला येतेय. मूर्तिजापूर-यवतमाळ, छोट्या रुळांची, कापसासाठी घातलेली. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं तिला. आता ती बंद, आणि लोक दरवर्षी निवेदनं देतात. म्हणून तुमच्या पहिल्या प्रतिसादातली ओळ अडकून राहिली: जमिनीचा पट्टा राहिला. १९३० ला उखडलेली लाइन परत उभी कशी राहिली, ते सविस्तर लिहा ना. आमच्या कामाचं आहे.

किशवॉकीकाठ

दादा, लिहितो. मला मुळात हेच लिहायचं होतं.

१९५३ साली आयोवामधल्या एका छोट्या विद्युत रेल्वेने प्रवासी गाड्या बंद केल्या. तिच्याकडे इंडियाना रेलरोडचा ६५ नंबरचा एक डबा होता, १९३१ साली पुलमनने बांधलेला, ॲल्युमिनियमचा, हलका आणि वेगवान. भंगारात जाणार होता. शिकागो भागातल्या दहा माणसांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि तो विकत घेतला. एक डबा, दहा माणसं आणि ठेवायला जागा नाही. नॉर्थ शिकागोतल्या एका ओतकाम कारखान्याच्या आवारात जागा मिळाली. मग दुसरा डबा आला, तिसरा आला. ते दशक असं होतं की दर वर्षी कुठली ना कुठली लाइन बंद पडत होती. ऑरोरा-एल्जिनचं वर आलंच आहे. जानेवारी १९६३ मध्ये शिकागो-मिलवॉकीची प्रसिद्ध नॉर्थ शोअर गेली. डबे वाचवायचे तर ते आत्ताच, नंतर नाहीत.

आवार भरलं. नवी जागा शोधताना त्यांची नजर युनियनजवळच्या या पट्ट्यावर गेली. रूळ जाऊन ३४ वर्षं झाली होती, पण भराव तसाच होता, शेजारी नॉर्थ वेस्टर्नची चालती लाइन होती, आणि आजूबाजूला मोकळी जमीन. १९६४ मध्ये सगळे डबे युनियनला आले. सुरुवातीला छप्परही नव्हतं. लाकडी डबे, ज्यांच्या वरच्या पत्र्याला भोकं, आणि इलिनॉयचा हिवाळा. सुट्टीच्या दिवशी लोक यायचे, स्लीपर टाकायचे, रूळ ठोकायचे, खांब उभे करायचे. १९६६ मध्ये पाहुण्यांना घेऊन पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या. आज हे इलिनॉय रेल्वे म्युझियम देशातल्या सर्वांत मोठ्या रेल्वे संग्रहालयांपैकी एक आहे. साडेचारशेहून जास्त डबे आणि इंजिनं, जवळपास पाच मैलांची मुख्य लाइन, वर ६०० व्होल्टची तार. आणि ते आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतं.

म्हणून, दादा, शकुंतलेबद्दल मला विचाराल तर एवढंच सांगेन की इंजिन आणि डबे कुठून तरी मिळतात. जमिनीचा सलग पट्टा तुकड्यातुकड्याने गेला की तो परत मिळत नाही. एखादं घर, एखादी विहीर, एखादं गोदाम मध्ये आलं की संपलं. पट्टा आधी राखा.

आता आत काय आहे ते. तिकीट काढून पुढे गेलं की समोर लाकडी स्टेशन दिसतं. ते मॅरेंगोचं, १८५१ साली गलीना अँड शिकागो युनियनने बांधलेलं. १९६७ मध्ये ते उचलून इथे आणलं. मी वर लिहिलेली ती पहिली रेल्वे, तिचं खरंखुरं स्टेशन दुसऱ्या रेल्वेच्या वाटेवर उभं आहे. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला तर रंगाच्या थरांखाली लाकडाची रेष लागते.

माझे आईबाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. बाबा दादरचे. त्यांचं कॉलेज बोरीबंदरच्या ट्रामवर झालं. त्या दिवशी ऑरोरा-एल्जिनचा ३०९ नंबरचा डबा लागला होता. १९०७ चा, लाकडी, गडद रंगाचा. आत शिरल्यावर वॉर्निशचा वास. आम्ही बसलो आणि खालून कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला, धक्-धक्-धक्, धाप लागलेल्या माणसासारखा. हवा भरली आणि तो थांबला. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली, पुढे घंटी वाजली, आणि डबा हलला. आवाज सुरुवातीला खर्जात. जसा वेग वाढला तसा तो सूर चढत गेला.

लाइनच्या टोकाला गाडी उलटी फिरवत नाहीत. मोटरमन आपला हँडल काढून घेतो आणि डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो. कंडक्टर खाली उतरतो, दोरी ओढून एक पोल, म्हणजे छतावरचा तो लांब दांडा, तारेवरून सोडवतो, आकड्याखाली अडकवतो, आणि दुसऱ्या टोकाचा पोल हळूच वर सोडतो. तो तारेला लागताना बारीकशी ठिणगी उडते. तोपर्यंत आत खट् खट् खट् असा आवाज सुरू झालेला असतो, कारण प्रत्येक आसनाची पाठ उलटी करायची असते, म्हणजे सगळ्यांची तोंडं पुन्हा पुढे. बाबा काही न बोलता उठले आणि समोरच्या आसनाची पाठ धरून त्यांनी ती सफाईने उलटवली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. कंडक्टर, साधारण त्यांच्याच वयाचा, दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, तुम्ही हे आधी केलंय. बाबा म्हणाले, मुंबईत, लहानपणी, कंडक्टर करू द्यायचा.

घरी आल्यावर तारखा बघितल्या. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली. युनियनमधून विजेची गाडी सुरू झाली तेही १९०७, आणि आम्ही बसलो तो डबाही १९०७ चा. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. त्याच वर्षी हे डबे युनियनला आले. यात काही संबंध नाही, नुसता योगायोग. पण बाबांनी ते डायरीत लिहून ठेवलं.

मावळतीची_गाडी

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. माझे आजोबाही किंग्ज सर्कलच्या ट्रामबद्दल असंच बोलायचे. आम्ही पुढच्या महिन्यात शॉमबर्गला बहिणीकडे येतोय, मुलगा सात वर्षांचा. एक दिवस पुरेल का? त्याला काय दाखवू?

नेपरव्हिलकर

एक दिवस पुरतो, पण सकाळी लवकर पोचा. मुलाला इलेक्ट्रोलायनर नक्की दाखवा. नॉर्थ शोअर कंपनीने १९४१ साली अशा दोनच गाड्या केल्या. नाकाड निमुळतं, आत खाण्यापिण्याचा डबा. शिकागोच्या एलच्या तीव्र वळणांवरून वळायचं, मिलवॉकीच्या रस्त्यांवर ट्रामसारखं चालायचं आणि मधे ताशी ८० मैलांच्या वर जायचं, हे सगळं एकाच गाडीने करायचं होतं. कंपनी बंद झाल्यावर ती फिलाडेल्फियाला गेली आणि तिथून इथे आली. तिची जोडीदारीण पेनसिल्व्हेनियातल्या एका ट्रॉली संग्रहालयात आहे.

रोहित्र

आणि ताई, मुलाला म्हणावं डब्यांच्या खाली वाकून बघ. मोटर, ब्रेकचे दांडे, रेझिस्टन्सच्या जाळ्या, सगळं उघडं दिसतं. हल्लीच्या गाड्यांत सगळं पेट्यांत बंद असतं, मुलांना काही कळत नाही कशाने काय हलतं. किशवॉकीकाठ, पुढची पाच-सहा वर्षं तरी माझा तिकडे यायचा योग दिसत नाही. कुणी गेलात तर तिथल्या कंट्रोलरचं, म्हणजे मोटरमन ज्याने वेग कमी-जास्त करतो त्या यंत्राचं, झाकण उघडलेलं असेल तर फोटो काढा आणि इथे टाका.

स्पष्टच_सांगतो

मागे रॉकफर्डला पुन्हा प्रवासी गाडी आणणार असं वाचलं होतं. ती याच वाटेने का?

किशवॉकीकाठ

हो. २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं की शिकागो-रॉकफर्ड सेवा मेट्रा, म्हणजे शिकागो परिसरातली लोकल रेल्वे, चालवेल. एल्जिनपर्यंत मेट्राचे रूळ, आणि पुढे युनियन पॅसिफिकचे, म्हणजे १८५२ सालचीच वाट. थांबे हंटली आणि बेल्विडिअरला ठरलेत. युनियनला थांबा नाही, पण गाडी गावातूनच जाणार. हंटलीचं स्टेशन झालं की मी पहिल्या आठवड्यातच बसणार.

रोहित्रकाका, कंट्रोलरचा फोटो मी काढतो, येत्या शनिवारी जातोच आहे. मावळतीची_गाडी, तुम्ही कोणत्या शनिवारी येताय ते कळवा. मॅरेंगोच्या स्टेशनासमोर झाडाखाली लाकडी टेबलं आहेत, जेवणाचे डबे तिथे उघडू. आणि मुलाला सांगा, परतीच्या फेरीआधी सीटच्या पाठी उलटवायला कंडक्टरला मदत लागते. विचारलं तर ते नाही म्हणत नाहीत.